क्रूझवरून उतरताना चेहऱ्याची तपासणी : आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी, आणि माझे काही प्रश्न

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आईला घेऊन बहामाची चार रात्रींची क्रूझ करून आलो. प्रवासवर्णन लिहीत नाही, निळ्या पाण्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला लिहायचंय ते शेवटच्या सकाळच्या वीस मिनिटांबद्दल.

आम्ही चौघं. मी आणि नवरा ग्रीनकार्डवर. मुलगी नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली, म्हणजे अमेरिकन नागरिक. आणि आई, वय ६८, बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर साताऱ्याहून आलेली. बोट पहाटेच फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हेरलला लागली. नाश्ता करून, आपापली बॅग ओढत आम्ही टर्मिनलमध्ये उतरलो. मला वाटलं होतं पासपोर्ट उघडून धरायचे, शिक्के, प्रश्न. तसं काहीच नव्हतं. रांगेच्या टोकाला एका खांबावर कॅमेरा आणि शेजारी अधिकारी. माणूस समोर उभा राहतो, वर बघतो, आणि पुढे जातो. पासपोर्ट हातातच राहतो. आमच्यापुढचं सात-आठ जणांचं कुटुंब मिनिटभरात पार झालं.

मुलगी गेली. नवरा गेला. मी गेले. आई थांबली.

बोटीवर एसी फार म्हणून आईने डोक्याला स्कार्फ बांधलेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उन्हात काळा होणारा चष्मा घेतलाय, आणि टर्मिनलच्या काचांतून ऊन थेट तोंडावर. अधिकाऱ्याने खुणेनं चष्मा काढायला सांगितला, मग स्कार्फ मागे घ्यायला. दोनदा फोटो घेतला, दोन्ही वेळा तो मान हलवत राहिला. मग तिला बाजूच्या काउंटरवर नेलं. पासपोर्ट, व्हिसा, आणि बोटांचे ठसे. ठसे तर तिचे उठतच नाहीत. सगळा जन्म शेतात आणि भांड्यांच्या राखेत गेलाय, बोटांची टोकं अगदी गुळगुळीत. गावी रेशनच्या दुकानातही मशीनवर अंगठा चार-चारदा दाबावा लागतो तिला. इथेही त्याने ओला कागद दिला, पुसायला लावलं, पुन्हा दाबायला लावलं. मी काचेपलीकडून बघत होते, आत जायची परवानगी नव्हती.

अधिकारी सभ्य होता. आवाज चढवला नाही, शेवटी हसून पासपोर्ट परत दिला. कारण काय ते सांगितलं नाही. आई बाहेर आली ती थेट मला म्हणाली, "तुमची समद्यांची तोंडं वळखली, माझंच का न्हाई गं वळखलं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून धागा. आमच्या फोटोंचं पुढे होतं काय? नको म्हणता येतं का? आणि या फेरीनंतर आईच्या सहा महिन्यांच्या मुक्कामाची तारीख बदलते की तीच राहते? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा.

लिंबलोण
वाचून पोटात कालवलं. माझ्या सासूबाईंच्या ठशांचंही हेच. व्हिसासाठी मुंबईला दहा बोटं देताना अर्धा तास गेला होता.

मालवणी_दर्यावर्दी
ताई, मी सोळा वर्षं क्रूझवर काढली, शेवटची सहा गँगवेवर, म्हणजे बोटीत चढ-उतार करायच्या वाटेवर, सिक्युरिटीत. त्यामुळे पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

आधी एक फरक. मधल्या बंदरात उतरताना-चढताना तुमचं खोलीचं कार्ड टेकवलं की आमच्या स्क्रीनवर तुमचा फोटो यायचा, तो बोटीचा. चढताना पहिल्या दिवशी काढलेला. त्याचा उपयोग एवढाच की जो उतरला तोच परत आला का. शेवटच्या सकाळचा कॅमेरा मात्र सीबीपीचा, म्हणजे कस्टम्स आणि बॉर्डरवाल्यांचा. बोटीच्या माणसाचं तिथे काही चालत नाही. तिथे अडलं तर रिसेप्शनवर भांडून उपयोग नाही, ते लोक काहीच करू शकत नाहीत.

आता घाई का असते ते. त्या दिवसाला आम्ही टर्नअराउंड डे म्हणतो. सकाळी तीन-साडेतीन हजार माणसं उतरवायची आणि त्याच दुपारी तितकीच नवी चढवायची. मधे झिरो काउंट व्हावा लागतो, म्हणजे जुना एकही पाहुणा बोटीवर नाही हे सिस्टीममध्ये दिसलं पाहिजे. तोवर नवा पाहुणा चढत नाही. कॅमेरा यायच्या आधी नागरिक नसलेल्या प्रवाशांना पहाटे सहाला लाउंजमध्ये बोलवायचे, हातात पासपोर्ट, डोळ्यांत झोप. म्हाताऱ्या माणसांना तास तास बसलेलं मी बघितलंय. त्या मानाने आता फार बरं आहे, हे मी मनापासून सांगतो.

पण कॅमेऱ्यात अडणारी माणसं कोण असतात ते पण बघितलंय. डोकं झाकलेली, मान वर न होणारी, व्हीलचेअरवाली. कॅमेरा उंचीप्रमाणे वर-खाली होतो, तरी खुर्चीतल्या माणसाला धड पकडत नाही कधी कधी. काकूंचं तोंड चुकलं नाही. त्यांना तसं सांगा.

तळटीप
मी या क्षेत्रात काम करतो (सीबीपीत नाही), तर आतली रचना सांगतो.

बोट बंदराला लागायच्या आधीच कंपनी प्रवाशांची पूर्ण यादी सरकारला पाठवते : नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. सीबीपी त्या यादीतल्या माणसांचे सरकारकडे आधीच असलेले फोटो गोळा करते. पासपोर्टचा, व्हिसाच्या अर्जाचा, मागच्या वेळी विमानतळावर काढलेला. त्या बोटीपुरता हा एक छोटा संच तयार होतो. उतरताना काढलेला फोटो या संचाशी ताडला जातो. यंत्रणेचं नाव ट्रॅव्हलर व्हेरिफिकेशन सर्व्हिस. म्हणजे कॅमेरा आईंना जगातल्या सगळ्या माणसांत शोधत नव्हता, त्या बोटीवरच्या माणसांत शोधत होता. म्हणून तो इतका झपाट्याने चालतो. जुळलं नाही तर अर्थ एवढाच की आता माणसाने कागद बघायचे. "जुळलं नाही" म्हणजे "संशयित" नव्हे.

फोटोचं पुढे काय, तर इथे माणसा-माणसांत फरक होतो. अमेरिकन नागरिकाचा फोटो जुळल्यावर १२ तासांच्या आत काढून टाकला जातो. नागरिक नसलेल्याचा फोटो गृहसुरक्षा खात्याच्या बायोमेट्रिक साठ्यात जातो आणि ७५ वर्षांपर्यंत राहू शकतो. नागरिकाला "मला कॅमेरा नको, पासपोर्ट बघा" असं म्हणता येतं, तशी पाटीही लावलेली असते. बाकीच्यांना तो पर्याय नाही. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने तर हे सक्तीचं झालं, देशात येताना आणि बाहेर जातानाही, विमानतळ असो, बंदर असो की रस्ता. ग्रीनकार्डवालेही त्यात आले. आधी १४ वर्षांखालच्या आणि ७९ वर्षांवरच्या परदेशी नागरिकांना सूट होती, तीही या नियमाने गेली.

कृष्णाकाठ
तळटीप, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. म्हणजे एकाच रांगेत, एकाच कॅमेऱ्यासमोर, माझ्या मुलीचा फोटो त्याच दिवशी मावळतीच्या आत पुसला गेला, आणि तिच्या आजीचा तिथेच राहणार, ७५ वर्षं. तेव्हा माझी मुलगी ८४ वर्षांची असेल. तिने हात धरून आजीला रांगेत आणलं होतं. नको म्हणायचा हक्क त्या दोघींत फक्त नऊ वर्षांच्या पोरीला होता.

मला हे फार लागलंय. कुणाला अतिशयोक्ती वाटेल, वाटू दे.

बे_एरियावाला
ताई, भावना समजते पण थोडं वेगळं मत मांडतो. दहा बोटांचे ठसे आपण व्हिसाच्या वेळीच दिलेत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चौकशी आयोगाने येणाऱ्या-जाणाऱ्यांची बायोमेट्रिक नोंद ठेवा असं सुचवलं होतं, आणि २००४ पासून विमानतळांवर ठसे आणि फोटो घेणं सुरू आहे. परक्या देशात जाताना त्या देशाच्या अटी मान्य करूनच जातो आपण. माझे वडील गुडघ्यांमुळे दहा मिनिटंही उभे राहू शकत नाहीत. त्यांच्यासाठी तीन सेकंदांत पार होणं हे मोठं सुख आहे. लपवण्यासारखं काही नसेल तर चेहऱ्याची एवढी काळजी का करावी?

तळटीप
लपवण्याचा प्रश्नच नाही, सांभाळण्याचा आहे. २०१९ मध्ये सीबीपीच्या एका कंत्राटदाराने प्रवाशांचे फोटो परवानगीशिवाय स्वतःच्या संगणकांवर उतरवून घेतले आणि तिथून ते चोरीला गेले. खात्याच्याच महानिरीक्षकांच्या अहवालात सुमारे १,८४,००० फोटोंचा आकडा आहे, आणि त्यातले काही डार्क वेबवर सापडले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा फुटला तर काय बदलणार?

दुसरं, आईंच्या प्रश्नाशी जोडलेलं. अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरे ओळखणारे १८९ अल्गोरिदम तपासून अहवाल दिला. बऱ्याच अल्गोरिदममध्ये आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांबाबत चुकीचा मेळ लागण्याचं प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट होतं. बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं यांच्यातही जास्त. प्रामाणिकपणे हेही सांगतो की सर्वोत्तम अल्गोरिदममध्ये हा फरक अगदी थोडा होता, आणि सीबीपी चांगल्यांपैकी एक वापरते. शिवाय ही चूक वेगळी : दुसऱ्याच कुणाशी जुळणं. आईंचं झालं ते कुणाशीच न जुळणं. स्कार्फ, काळसर काच आणि तोंडावरचं ऊन, मला तरी एवढं पुरेसं वाटतं.

बे_एरियावाला
चोरीची गोष्ट मला माहीत नव्हती. ७५ वर्षं जास्तच आहेत, हे मान्य. कॅमेरा असावा, पण प्रवासी परत गेला की फोटो ठेवण्याला काही मर्यादा हवी, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे.

पारिजात
चांगला धागा. माझे बाबा ८२ वर्षांचे, आई ७७. जूनमध्ये सिएटलहून अलास्का करायचा बेत आहे, दोघंही बी-२ वर. कृष्णाकाठ यांचं वाचून घाबरलेय. काय काय सांभाळू?

मालवणी_दर्यावर्दी
कॅमेऱ्याचं सोडा, आधी कॅनडाचा व्हिसा काढा. सिएटलच्या जवळपास सगळ्या अलास्का बोटी एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. थांबावंच लागतं, कारण अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला नुसत्या अमेरिकन बंदरांमधून प्रवासी फिरवता येत नाहीत, मधे परदेशी बंदर लागतं. क्रूझवाल्या जवळपास सगळ्या मोठ्या बोटी बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा झेंड्याखाली असतात. तुमच्या ग्रीनकार्डवर (असेल तर) कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण भारतीय पासपोर्टवरच्या आई-बाबांना लागतो. व्हिक्टोरियाला उतरणार नाही म्हटलं तरी चेक-इनलाच कागद मागतात. सगळं कुटुंब चढलं आणि आजी-आजोबा धक्क्यावर राहिले, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या आजी पर्स उघडून पुन्हा पुन्हा तोच पासपोर्ट दाखवत होत्या.

आणि बाबांना ८२ म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. तळटीप यांनी लिहिलंय, ती गेली.

उतरताना : स्वतः बॅगा ओढत सगळ्यात आधी उतरणाऱ्यांच्या गर्दीत जाऊ नका. रात्री बॅगा दाराबाहेर ठेवा, उशिराच्या रंगाचा टॅग मागून घ्या, नाश्ता निवांत करा. व्हीलचेअर हवी असेल तर आदल्या दिवशीच रिसेप्शनला नाव द्या. रांग ओसरली की अधिकाऱ्यालाही वेळ असतो. स्कार्फ, टोपी, गॉगल रांगेतच काढून हातात धरायला सांगा. आणि पासपोर्ट जवळच्या पर्समध्येच ठेवा, बॅगेत अजिबात नको. कॅमेरा चालला तर तो लागत नाही, नाही चालला तर फक्त तोच लागतो.

फळ, लाडू, लोणचं काय बोटीवर नेलं असेल ते संपवा किंवा उतरताना अधिकाऱ्याला सांगा. सफरचंदापायी दंड झालेली माणसं कमी नाहीत.

लिंबलोण
एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांसाठी इथेच लिहून ठेवते, कारण आम्ही पैसे भरून बसलो होतो आणि शेवटच्या आठवड्यात कळलं. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टँप संपला असेल, पण आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल ती सरकारी नोंद) चालू असेल, तर ३० दिवसांपर्यंत कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन परत येता येतं, त्याला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. हे ऐकून आम्ही खुशाल बहामाची क्रूझ घेतली. पण कॅरिबियन बेटांची सवलत फक्त विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांना, म्हणजे एफ आणि जे व्हिसाला आहे. एच-१बी ला नाही. क्यूबा तर त्यांनाही नाही. चेहरा जुळला म्हणून प्रवेशाचा हक्क मिळत नाही, कॅमेरा फक्त "हीच ती व्यक्ती" एवढं सांगतो, व्हिसा आहे की नाही तो प्रश्न वेगळाच राहतो. आम्ही रद्द केली. पैसे अर्धेच परत मिळाले.

सह्यकडा
आय-९४ बद्दल कुणी बोललं नाही म्हणून. बी-२ वर आलेल्या आई-वडिलांना क्रूझवरून आल्यावर नवे सहा महिने मिळतात असा एक समज व्हॉट्सअॅपवर फिरतो. तसं गृहीत धरू नका. अधिकारी जुनीच तारीख ठेवू शकतो, नवी देऊ शकतो, त्याच्या हातात आहे. परतल्यावर दोन-तीन दिवसांत सीबीपीच्या आय-९४ च्या साइटवर पासपोर्ट क्रमांक घालून बघा आणि प्रिंट काढून ठेवा. परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलंच हवं.

कृष्णाकाठ
बघितलं सह्यकडा, जुनीच तारीख आहे. बरं झालं सांगितलंत, आम्ही नव्या सहा महिन्यांचा हिशोब मनात धरायला लागलो होतो.

गिरगावकर
जरा मुंबईचं लिहू का? बॅलार्ड पिअरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झालंय, २० सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन झालं. आम्ही पूर्वी मुंबई-गोवा बोटीने केलं. ती देशांतर्गत, त्यामुळे इमिग्रेशन नाही, ओळखपत्र आणि सामानाची तपासणी तेवढी. आधार दाखवलं आणि चढलो.

चेहऱ्याचं म्हणाल तर आपल्याकडे विमानतळावर चेहरा बघून आत सोडणारी डिजियात्रा आहे, १ डिसेंबर २०२२ पासून. पण ते देशातल्या विमानांसाठी आणि ऐच्छिक. परदेशी जाताना हवं असेल तर फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची नोंदणी करता येते, मुंबईत १६ जानेवारी २०२५ पासून. तीही ऐच्छिक. माझं म्हणणं, ऐच्छिक हा शब्द कागदावर राहून भागत नाही. डिजियात्राच्या फाटकावर मोकळं आणि शेजारी साध्या रांगेत शंभर माणसं, असं असेल तर माणूस काय निवडणार? मागच्या वेळी पुण्याला तिथे उभी असलेली मुलगी माझा फोटो घ्यायलाच लागली. मी नको म्हटलं, तर तिला नवल वाटलं. मी म्हटलं, बाळा, मला वेळ आहे.

तळटीप
+१. आणि युरोपला जाणाऱ्यांनी नोंद घ्या, शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी एंट्री-एक्झिट यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बिगर-युरोपीयांचा चेहरा आणि चार बोटांचे ठसे घेतात (आपल्यासारख्या व्हिसा लागणाऱ्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात), १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. नोंद साधारण तीन वर्षं ठेवतात. ७५ आणि ३, दोन्ही सरकारं सुरक्षेचंच कारण देतात. मग बहात्तर वर्षांचा फरक कशासाठी, हे कुणीतरी नीट समजावून द्यायला हवं.

मालवणी_दर्यावर्दी
जाता जाता बोटीवर काम करणाऱ्या पोरांबद्दल दोन ओळी, कारण त्यांचं कुणी लिहीत नाही. मालवण, वेंगुर्ला, गोवा, वसई, किती घरांतली पोरं त्या बोटींवर आहेत. आमचा व्हिसा सी-१/डी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचा. पाहुण्यांना एकदा कॅमेऱ्यापुढे जावं लागतं, आम्हाला कॉन्ट्रॅक्टभर अधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं असतं. उतरायचा परवाना मिळाला तर मायामीत दोन तास, तेवढ्यात घरी फोन आणि वेस्टर्न युनियनमधून पैसे पाठवणं. नाही मिळाला तर सहा-सात महिने किनारा नुसता डेकवरून बघायचा. माझ्या खोलीतल्या वेंगुर्ल्याच्या पोराचं एकदा असंच नावात घोळ होऊन अडकलं. आईचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एका ओळीत छापलेलं. दोन महिने त्याने अमेरिकेच्या जमिनीला पाय लावला नाही. तेव्हा कॅमेरे नव्हते. माणसंच चुकली होती.

पारिजात
कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज काल केला. बोटांच्या ठशांसाठी आईला पुण्याच्या केंद्रावर पाठवतेय, बाबांना वयामुळे ते लागत नाहीत. आईला आठ दिवस आधीपासून हाताला रोज खोबरेल लावायला सांगितलंय, पार्लरवाल्या बाईंनी सुचवलं. उपयोग होतो का कुणाचा अनुभव?

लिंबलोण
सासूबाईंना झाला होता थोडा. त्या दिवशी सकाळी मात्र तेल नको, हात कोरडे हवेत. आणि भांडी आदल्या दिवशी दुसऱ्या कुणालातरी घासू द्या.

कृष्णाकाठ
सहा आठवड्यांनी परत लिहितेय.

आई परवा घरी पोचली. अटलांटाला विमानात चढतानाही दारात कॅमेरा असतो, हे या धाग्यामुळे आधीच माहीत होतं. आम्हाला आतपर्यंत जाता येत नाही, ती व्हीलचेअरवाल्या माणसाबरोबर एकटीच जाणार. म्हणून आठवडाभर आम्ही घरी सराव केला. माझ्या मुलीने जिन्याच्या खांबाला वहीचं पुठ्ठ्याचं पान चिकटवलं, त्यावर गोल काढला, आणि आजीला रोज संध्याकाळी समोर उभं केलं. चष्मा काढ, स्कार्फ काढ, हनुवटी वर, गोलाकडे बघ, एक दोन तीन. आईही न चुकता उभी राहायची. ७५ वर्षांचं मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मी नसंन तवा ते माझा फोटू कुणाला इचारून बगणार?" याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मुंबईला उतरल्यावर तिने पहिला फोन नातीला केला. "चष्मा काढला, टापर काढलं, गोलाकडं बगितलं. एका दणक्यात वळखलं बघ मला."

पुठ्ठा अजून जिन्याच्या खांबालाच आहे. मुलगी काढू देत नाही.